स्थळप्रत

झाशी राणी चौकातल्या दुकानात
दहा टक्के सूट मिळाली, पिशवी मिळाली नाही.
पुस्तक पदराखाली धरून घरी आणलं.
मे महिना, दुपारचे चार,
बर्डीवर डांबर चपलेला चिकटत होतं.

मुखपृष्ठावर तुमचा तरुणपणचा फोटो.
चिंचमलातपुरे एका ओळीत मावलं नाही,
तोडून दोन ओळींत बसवलंय.
खाली: 'प.ला लिहिलेली पत्रं'.
माझ्या वाट्याला एक अक्षर आणि एक टिंब,
तेही पायाशी. माझं टिंब डोक्यावर असतं.

प्रस्तावनेत संपादक म्हणतात,
प. नावाची बाई बहुधा नव्हतीच,
प. म्हणजे लेखकाची प्रतिभा.
चष्मा पुसून पुन्हा वाचलं.
पंचफुला बोरकुटे, तारघर, सिव्हिल लाइन्स,
एकतीस वर्षं नोकरी, पेन्शन चालू.
प्रतिभेला गुडघ्याचा पट्टा लागतो का, देव जाणे.

भाची कूलरमध्ये पाणी ओतता ओतता म्हणाली,
"मावशी, कोणाचं पुस्तक वाचून राहिली वो?"
"असंच. ओळखीचे होते."
"लय मोठे लेखक होते म्हणते."
"हो. अक्षर मोठं होतं."

मग पान चौदावर तो शब्द आला.
'सर्व पत्रांच्या स्थळप्रती लेखकाने स्वतः जपून ठेवल्या होत्या.'
स्थळप्रत.
कलेक्टर कचेरीच्या कागदांवर तळाशी असायचा हा शब्द,
म्हणजे एक ज्याची त्याला,
एक फायलीला.

पलंगाखालची पेटी ओढली.
त्रेपन्न पत्रं. पुस्तकातही त्रेपन्न.
एक कागद उलटा करून बोट फिरवलं.
तेव्हाही फिरवायची, दिवा मालवल्यावर.
प्रत्येक अक्षर मागून उठलेलं,
कागद फाटेल इतका जोर.
वाटायचं, हा माणूस किती कासावीस होऊन लिहितो.

खाली कार्बन होता.

राग आला? आला थोडा.
फुटाळ्याच्या पाण्यात संध्याकाळ उतरते ते दीड पान
छापल्यावर देखणं दिसतं.
त्या संध्याकाळी तुम्हाला डास फोडून काढत होते
आणि भेळेचे पैसे मी दिले, याला तळटीप नाही.
मी दिवसभर खिडकीत बसून लोकांचे शब्द मोजायची.
आठ आणे कमी पडले म्हणून
एका म्हाताऱ्यानं मुलाच्या नावामागचं 'प्रिय' खोडलं,
ते मी पाहिलंय.
आणि तुमच्याकडे विशेषणं अशी,
इतवारीत पोती उतरावीत तशी.

पण प्रत्येक पत्राच्या डाव्या समासात, अगदी खाली,
शिसपेन्सिलीची एक ओळ आहे.
प्रत बाजूला काढल्यावर लिहिलेली असणार,
कारण पुस्तकात ती कुठेच नाही.
'आज खोकला कमी आहे.'
'तुझ्या चपलेचा अंगठा तुटलाय, किती दिवस ओढशील?'
'कालचं पत्र फार लांबलं, माफ कर.'
आणि बावन्नाव्यावर:
'आईला अजून सांगितलं नाही. सांगणार नाही असं दिसतं.'

कागद उलटा करून चाचपलं.
त्या जागी काही लागत नाही.
सपाट.

चांगली तासभर चाचपत बसले.

मागच्या पानावर छापलंय,
'प्रत्युत्तरे उपलब्ध नाहीत. माहिती असल्यास कळवावे.'
बरोबर आहे. बहुतेक मी तोंडीच दिली.
लेखी एकच, तारेनं,
तुमच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, तीन शब्द,
माझ्याच खिडकीतून, पैसे भरून, पावती फाडून.
ती तुम्ही जपली नसणार.
ऑफिसातली प्रत तीन महिन्यांनी
जुन्या गठ्ठ्यासोबत मागच्या अंगणात जाळली.
रजिस्टर कुठे असेल तर त्यात नोंद सापडेल:
नष्ट केले.
सही, पं. बोरकुटे.